आंतरजालीय आर्थिक फसवणूक

बँक, शासकीय कार्यालय, व्यापारी किंवा परिचित व्यक्ती यांचे सोंग घेऊन, संगणक वा भ्रमणध्वनी यांच्या द्वारे दुसऱ्याच्या खात्यातील पैसा काढून घेणे किंवा त्याच्याच हातून तो पाठवून घेणे, यास आंतरजालीय आर्थिक फसवणूक असे म्हणतात. विश्वासू संस्थेचा भासणारा ई-मेल पाठवून परवलीचा शब्द, कार्डाचा क्रमांक यांसारखी गुप्त माहिती मिळविणे, हा तिचा सर्वांत परिचित प्रकार असून त्यास फिशिंग ही संज्ञा आहे. हेच कृत्य लघुसंदेशाने केल्यास स्मिशिंग व दूरध्वनीवरील संभाषणाने केल्यास व्हिशिंग असे त्यास म्हणतात. चोरी वा दरोडा यांपासून ही फसवणूक एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. तीत बहुधा कुलूप फोडले जात नाही, तर ते धन्याकडूनच उघडवून घेतले जाते. त्यामुळे तिच्यापासूनचे संरक्षण हे यंत्रापेक्षा खातेदाराच्या सवयींवर अधिक अवलंबून असते.

भारतात नागरिकांनी नोंदविलेल्या तक्रारींनुसार अशा फसवणुकीत गेलेली रक्कम २०२३ मध्ये सु. ७,४६५ कोटी रु. होती, २०२४ मध्ये ती सु. २२,८४५ कोटी रु. झाली. महाराष्ट्रात या गुन्ह्याचे प्रमुख प्रकार पुणे शहर व जिल्हा यांत पाहावयास मिळतात. म्हणून पुढील विवेचनातील उदाहरणे मुख्यतः तेथील घेतली आहेत.

इतिहास : खोट्या पत्राने पैसे उकळण्याची कला जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात यूरोप-अमेरिकेत ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने ओळखली जाणारी पत्रे प्रचारात होती. स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या एका धनिकाच्या सुटकेसाठी थोडी रक्कम पाठवावी, म्हणजे त्याच्या संपत्तीतील मोठा वाटा मिळेल, असा त्यांतील मजकूर असे. ई-मेलचा प्रसार झाल्यावर हीच कथा वारसाहक्क, सोडत आणि परदेशी बक्षिसे यांच्या रूपाने नव्याने सांगितली जाऊ लागली. फिशिंग हा शब्द १९९५ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला. ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांना सेवेचे कर्मचारी असल्याचे भासवून त्यांचे परवलीचे शब्द काढून घेण्यात येत. आमिष लावून गळ टाकण्याशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले.

भारतात या प्रकारास न्यायालयीन मान्यता मिळाली ती दिल्ली उच्च न्यायालयाच्या २३ मार्च २००५ च्या निर्णयाने. नॅसकॉम या संघटनेच्या नावाने बनावट ई-मेल पाठवून नोकरी इच्छिणाऱ्यांची माहिती गोळा करण्यात आली होती. फिशिंगची स्वतंत्र व्याख्या तत्कालीन कायद्यात नसतानाही हे कृत्य बेकायदेशीर आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच वर्षी पुण्यातील एका दूरध्वनी सेवाकेंद्राच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकेतील खातेदारांकडून बोलण्याच्या ओघात गुप्त क्रमांक मिळविले व त्यांच्या खात्यांतून सु. ३.५ लाख डॉलर पुण्यातील बनावट खात्यांत वळविले. या प्रकरणात बँकेची संगणकयंत्रणा कोणी फोडली नव्हती. खातेदारांनी मदतनीस समजून आपणहून क्रमांक सांगितले होते.

पुढील काळात बँकांनी कुलपे वाढविली. कार्ड प्रत्यक्ष यंत्रात न घालता होणाऱ्या खरेदीसाठी, कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. एकदाच चालणारा परवलीचा अंक, म्हणजे ओटीपी, सर्वसामान्यांच्या व्यवहारात आला तो मुख्यतः यामुळे. यानंतर केवळ कार्डाचा क्रमांक चोरून भागेना. म्हणून ठग ओटीपी विचारू लागले. ओटीपी कोणासही सांगू नये ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडू लागली, तेव्हा भ्रमणध्वनीत शिरून तो परस्पर वाचणाऱ्या आज्ञावली निघाल्या. २०१६ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय ही पद्धती सुरू केली व पैसे पाठविणे क्षणाचे काम झाले. त्याबरोबर खातेदाराकडूनच पैसे पाठवून घेणे हा फसवणुकीचा मुख्य मार्ग झाला. प्रत्येक नव्या कुलपाबरोबर ठगाचा रोख यंत्राकडून माणसाकडे अधिकाधिक वळत गेला, असे या इतिहासाचे सार सांगता येईल.

याला अपवाद ठरणारी घटनाही पुण्यातच घडली. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घातक आज्ञावली घुसवून, ११ ऑगस्ट २०१८ रोजी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील व भारतातील रोकडयंत्रांतून सु. ८० कोटी रु. काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी आणखी सु. १४ कोटी रु. हाँगकाँगमधील एका खात्यात वळविले गेले. एकूण हानी ९४.४२ कोटी रु. होती. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. येथे घाव बँकेच्या यंत्रणेवर होता. खातेदारांच्या ठेवींतून रक्कम वजा झाली नाही. उलट, खातेदाराच्या हातून कुलूप उघडले जाते तेव्हा पहिला घाव त्याच्या स्वतःच्या शिलकीवर पडतो.

कार्यपद्धती : बनावट ई-मेल इतका खरा का वाटतो, हे समजण्यासाठी ई-मेलच्या रचनेकडे पाहणे इष्ट ठरते. संदेश पोहोचविण्याचे जे नियम आजही पायाभूत आहेत, ते १९८२ मध्ये परस्परांवर विश्वास असलेल्या मर्यादित वापरकर्त्यांसाठी ठरविण्यात आले. पाठविणाऱ्याने लिहिलेले नाव त्याचेच आहे किंवा नाही, हे तपासण्याची सोय त्यांत नव्हती. आंतरदेशीय पत्राच्या मागील बाजूस कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसाच हा प्रकार होय. पुढे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या पडताळणीच्या पद्धती आल्या. त्यांमुळे एखाद्या बँकेचा पत्ता जसाच्या तसा वापरणे अवघड झाले. परंतु तिच्या पत्त्याशी मिळताजुळता दुसरा पत्ता घेण्यास त्यांनी अडथळा होत नाही.

संदेशातील दुवा दाबल्यावर उघडणारे पान हे बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल असू शकते. खरे-खोटे ओळखण्याची खूण पानाच्या रूपात नसून त्याच्या पत्त्यात असते. पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी येणारा भाग हा त्या स्थळाचा खरा धनी दर्शवितो. त्याच्या डावीकडील भाग धन्याने मनास येईल तसा जोडलेला असतो. उदा., ‘अमुक.बँक.इन.खातेतपासणी.कॉम’ असा पत्ता असेल, तर ते स्थळ ‘अमुक’ बँकेचे नसून ‘खातेतपासणी.कॉम’ या नावाच्या धन्याचे आहे. पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हाविषयीही गैरसमज आढळतो. मार्गात माहिती तिसऱ्यास वाचता येणार नाही, एवढीच हमी ते चिन्ह देते. पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे, अशी हमी त्यात नसते. बनावट स्थळांवरही ते सर्रास आढळते.

व्यापारी पत्रव्यवहारातील फसवणूक अधिक संथ गतीने चालते. एखाद्या उद्योगाची ई-मेल पेटी हस्तगत करून ठग कित्येक दिवस नुसता वाचत राहतो. मोठे देयक देण्याची वेळ आली, की पुरवठादाराच्या नावे ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र तो पाठवितो. मजकूर, स्वाक्षरी व देयकाचा क्रमांक ही सर्व बरोबर असतात. फक्त खाते वेगळे असते.

दूरध्वनीवरील फसवणुकीत तांत्रिक भाग अल्प व मनोव्यापाराचा भाग मोठा असतो. भीती, लोभ, घाई आणि गुप्तता या चार गोष्टींपैकी एक वा अनेक त्यात हटकून आढळतात. रात्री साडेनऊ वाजता वीज तोडण्यात येईल, असा खासगी क्रमांकावरून येणारा संदेश २०२२ मध्ये महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर फिरला व महावितरणला ग्राहकांना सावध करावे लागले. त्यातील क्रमांकावर संपर्क साधल्यास पलीकडची व्यक्ती एखादी आज्ञावली उतरवून घेण्यास सांगे. भ्रमणध्वनीचा पडदा दुरून पाहण्याची व हाताळण्याची शक्ती अशा आज्ञावलीमुळे तिला मिळते. एनीडेस्क या मूळच्या उपयुक्त आज्ञावलीच्या अशा दुरुपयोगाविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. ‘डिजिटल अटक’ हा प्रकार भीतीवर आधारलेला आहे. पोलीस वा तपास अधिकारी असल्याचे सांगून चित्रसंभाषणावर माणसास तासन्‌तास खिळवून ठेवतात, घरातील कोणाशी बोलू देत नाहीत व ‘पडताळणी’साठी सर्व शिल्लक वळविण्यास भाग पाडतात. चित्रसंभाषणाद्वारे अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. याउलट, समभागांतील हमखास नफा किंवा घरबसल्या कामाचा मोबदला हे लोभावर आधारलेले प्रकार होत. त्यांत प्रथम थोडी रक्कम खरोखरच परत केली जाते व मग विश्वास बसलेल्या माणसाकडून मोठ्या रकमा घेतल्या जातात. पडद्यावर दिसणारा नफा हा केवळ लिहिलेला आकडा असतो.

ग्रामीण व्यवहार : हा गुन्हा शहरापुरता आहे, हा समज आता टिकण्यासारखा नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके याचे उदाहरण म्हणून घेता येतात. ऊस, दूध, कांदा, बटाटा, टोमॅटो व द्राक्षे यांवर येथील अर्थव्यवहार उभा आहे. पारगावचा भीमाशंकर व निवृत्तीनगरचा विघ्नहर हे सहकारी साखर कारखाने, तसेच मंचर, नारायणगाव व ओतूर येथील बाजार ही या व्यवहाराची केंद्रे होत. आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारख्या गावात पूर्वी रोखीने वा पतपेढीच्या वहीवर होणारी देवघेव आता बँकखात्यावर होते. उसाचे बिल, दुधाचे बिल, पीकविम्याची भरपाई, किसान सन्मान निधीचे वर्षाला मिळणारे ६,००० रु. व स्त्रियांच्या खात्यांत जमा होणारी शासकीय अर्थसाहाय्ये, ही सर्व तेथेच येतात. खरेदीसाठी दुकानोदुकानी चौकटीचे संकेतचित्र, म्हणजे क्यूआर कोड, लावलेले असते.

नोकरदाराच्या व शेतकऱ्याच्या खात्यात येथे एक मूलभूत फरक आहे. नोकरदाराचे उत्पन्न दरमहा येते. एका महिन्याची हानी पुढील महिन्यात काही अंशी भरून निघते. ऊस उत्पादकाचे वर्ष-दीड वर्षाच्या श्रमाचे मोल एकदोन हप्त्यांत जमा होते. त्यातूनच सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, मुलांचे शुल्क व पुढील लागवड भागवावयाची असते. गाळप हंगामात बिले जमा होण्याचा काळ सर्वांस ठाऊक असतो, तसा तो ठगासही ठाऊक असू शकतो. अशा वेळी गेलेली रक्कम म्हणजे शिल्लक नव्हे, तर पुढच्या पिकाचे भांडवल असते.

ग्रामीण भागात आढळणारे फसवणुकीचे प्रकारही या व्यवहारातूनच निघालेले दिसतात. किसान सन्मान निधीचा थांबलेला हप्ता, खात्याची ओळख-पडताळणी, वाहनाचा दंड किंवा लग्नाची पत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर धारिका येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती कागद वा चित्र नसून भ्रमणध्वनीत बसणारी आज्ञावली असते. संदेश वाचण्याची परवानगी मिळताच ती ओटीपी परस्पर पुढे पाठवू लागते. ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून ती आली, तरी तो क्रमांकच ठगाच्या ताब्यात गेलेला असू शकतो. दुसरा प्रकार खरेदीदाराचा. गाय, ट्रॅक्टर वा जुने यंत्र विकण्याची जाहिरात दिली, की मोल न करता घेण्यास तयार असलेला ग्राहक दूरध्वनी करतो व ‘पैसे मिळण्यासाठी’ क्यूआर कोड टिपण्यास व गुप्तांक घालण्यास सांगतो. तिसरा प्रकार बोटाच्या ठशाचा होय. आधारशी जोडलेल्या खात्यातून ठशावर रोकड देण्याची सोय गावातील बँक प्रतिनिधीमार्फत उपलब्ध आहे. वृद्ध व निरक्षर खातेदारांना ती उपकारक आहे. मात्र ‘ठसा नीट उमटला नाही’ असे सांगून तो पुन्हा घेतल्यास दुसरी रक्कम निघू शकते.

भाड्याचे खाते हा या गुन्ह्याचा कमी चर्चिला जाणारा भाग आहे. चोरलेला पैसा ठग स्वतःच्या नावावर घेत नाही. हजार-दोन हजार रुपयांच्या मोबदल्यात विद्यार्थी, मजूर वा बेकार तरुण यांची खाती, कार्डे व सिमकार्डे तो वापरावयास घेतो. तपास सुरू झाल्यावर पहिले नाव पुढे येते ते या खातेदाराचे. आपणास काही माहीत नव्हते हा बचाव सहसा सहजासहजी मान्य होत नाही, आणि खाते गोठते ते वेगळेच.

संरक्षण : प्रतिबंधक उपायांचे मूळ तत्त्व असे, की ज्या मार्गाने मागणी आली त्या मार्गाने तिची खातरजमा करू नये. बँकेच्या नावाने आलेल्या संदेशात दिलेला क्रमांक हा त्या संदेशाइतकाच खरा वा खोटा असतो. म्हणून दूरध्वनी बंद करून, खातेपुस्तकावर वा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः संपर्क साधावा किंवा शाखेत जावे. आंतरजालावर शोधून मिळालेला ‘ग्राहकसेवा क्रमांक’ही विश्वसनीय मानू नये, तेथे बनावट क्रमांक पेरलेले आढळतात. पुरवठादाराने खाते बदलल्याचे कळविल्यास, पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर प्रत्यक्ष बोलल्याखेरीज रक्कम पाठवू नये.

यूपीआयच्या बाबतीत एक नियम पुरेसा आहे. गुप्तांक लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी गुप्तांक, ओटीपी वा क्यूआर कोड टिपणे यांपैकी काहीच लागत नाही. बाजारसमितीतील व्यापारी असो वा ट्रॅक्टरचा गिऱ्हाईक असो, ‘पैसे पाठवितो, गुप्तांक घाला’ असे म्हणताच व्यवहार थांबवावा. ओटीपी सांगण्यापूर्वी त्याबरोबरचा संपूर्ण संदेश वाचावा. तो कशासाठी व किती रकमेसाठी आहे, हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. ओटीपी बँकेचा कर्मचारीही विचारत नाही.

ओळख पटविण्याच्या काही सोयी शासन व रिझर्व्ह बँक यांनी अलीकडे केल्या आहेत. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक.इन’ या राखीव नावाखाली आणावीत, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने दिला. हे नाव बँकांखेरीज इतरांस मिळत नाही. बँकांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० या अंकांनी आरंभ होणारी क्रमांकमाला राखून ठेवण्यात आली आहे. केवळ लघुसंदेशाने येणाऱ्या ओटीपीवर विसंबून न राहता पडताळणीचे अन्य मार्गही वापरात यावेत, या हेतूने रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. संशयास्पद दूरध्वनी व संदेश कळविण्यासाठी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या स्थळावर ‘चक्षू’ नावाची सोय २०२४ पासून आहे. आधारचा ठसा वापरात नसेल तेव्हा तो कुलूपबंद ठेवण्याची सोय भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने उपलब्ध केली आहे.

घरगुती व्यवस्थेतही काही सुधारणा करता येतात. मोठी रक्कम ज्या खात्यात येते ते खाते दैनंदिन यूपीआयला जोडू नये. किरकोळ खर्चासाठी लहान शिलकीचे दुसरे खाते ठेवावे. दूरस्थ व्यवहारांची दैनिक मर्यादा गरजेइतकीच ठरवावी. प्रत्येक सेवेसाठी परवलीचा शब्द वेगळा असावा. विशेषतः ई-मेलचा शब्द अन्यत्र वापरू नये, कारण इतर बहुतेक सेवांचे विसरलेले शब्द ई-मेलद्वारेच बदलून मिळतात. आज्ञावली केवळ अधिकृत भांडारातूनच घ्याव्यात. बँकेत नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक चालू व स्वतःच्या ताब्यात असावा. गावी बहुतेकदा तो मुलाचा, पुतण्याचा किंवा बंद पडलेल्या सिमकार्डाचा असतो, व त्यामुळे पैसे गेल्याचे खातेदारास खातेपुस्तक भरताना समजते. सिमकार्ड अकस्मात बंद पडल्यास दुसऱ्याने त्याची प्रत काढली असण्याची शक्यता गृहीत धरून लगेच चौकशी करावी.

फसवणूक झाल्यास : या प्रसंगी वेळेचे मूल्य सर्वाधिक असते. चोरलेली रक्कम प्रथम एका भाड्याच्या खात्यात, तेथून विभागून अनेक खात्यांत व अखेर रोकड वा आभासी चलन या रूपात बाहेर पडते. १९३० या क्रमांकावर केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रामार्फत चालणारी जी व्यवस्था आहे, तिचा हेतू पैसा या साखळीतून निसटण्यापूर्वी त्यास अडविणे हा होय. २०२१ मध्ये तिचा आरंभ झाला, तेव्हा तिचा क्रमांक १५५२६० होता. तक्रार नोंदविताच ती रक्कम ज्या बँकेत गेली तिला कळविण्यात येते व खात्यात उरलेली रक्कम रोखून धरली जाते. ती पुढे गेली असल्यास पुढील बँकेस निरोप जातो. त्यासाठी आपली बँक, रक्कम, वेळ व व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जवळ असावा लागतो. हीच तक्रार २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावरही करता येते.

त्याच वेळी बँकेस कळवून खाते व कार्ड थांबवावे, व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. घातक आज्ञावलीचा संशय असल्यास भ्रमणध्वनीचे आंतरजाल बंद करावे व परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. संदेश व दूरध्वनींची नोंद पुसून टाकू नये. तो पुरावा असतो. लेखी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. गुन्हा हद्दीबाहेर घडला असला, तरी तो शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठविण्यात येतो. गेलेले पैसे परत मिळवून देण्याचे आश्वासन देणारा ‘वकील’ वा ‘अधिकारी’ काही दिवसांनी संपर्क साधतो, असेही आढळते. तो त्याच फसवणुकीचा दुसरा भाग असतो. लाजेपोटी गप्प राहणे हे येथे सर्वांत हानिकारक ठरते, कारण तक्रारीचा प्रत्येक तास रकमेच्या अंतरात मोजला जातो.

कायदा व दायित्व : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात समाविष्ट झालेली कलमे ६६ क व ६६ ड ही अनुक्रमे दुसऱ्याची ओळख वापरणे व संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे यांविषयी असून, दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. फसवणुकीचा सर्वसाधारण गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. तत्पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली येत असे.

पैसा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न खातेदारास अधिक जवळचा आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, व सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, या दायित्वाचे नियम घालून दिले. चूक बँकेची असल्यास खातेदारावर बोजा नाही. चूक दोघांचीही नसून तिसऱ्याची असेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्यावरही बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास तो खात्याच्या प्रकारानुसार ५,००० ते २५,००० रु. एवढा मर्यादित ठेवण्यात आला. मात्र गुप्त माहिती खातेदाराने स्वतः दिली असेल, तर बँकेस कळवीपर्यंतची सर्व हानी त्याची, व कळविल्यानंतरची बँकेची, असे ठरले. खातेदाराचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकण्यात आली.

या विभागणीचे स्वरूप दोन निर्णयांवरून स्पष्ट होते. पुण्यातील एका वाहनभाग उद्योगाच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून, फिशिंग ई-मेलला उत्तर दिल्यानंतर, ८०.१० लाख रु. गेले. महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने २०१३ मध्ये बँकेस ४५ लाख रु. देण्याचा आदेश दिला. पैसे ज्या बनावट खात्यांत गेले, त्यांच्या बाबतीत बँकेने पुरेशी दक्षता घेतली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. पण ई-मेलला उत्तर देण्याची चूक तक्रारदाराची असल्याने उर्वरित हानी त्याच्याकडे राहिली. दुसऱ्या प्रकरणात तक्रारदाराची चूक आढळली नाही. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये २०१७ च्या परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला ७६.९० लाख रु. संबंधित कंपनीस परत करण्यास सांगितले. बँकेने तक्रारीची दखल न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पुण्याच्या उद्योगाला स्वतःच्या चुकीसाठी सोसावी लागलेली रक्कम सु. ३५ लाख रु. होती, एका ई-मेलला दिलेले ते उत्तर होते. निरगुडसरच्या ऊस उत्पादकाच्या बाबतीत आकडा लहान असेल, परंतु कसोटी तीच राहील : गुप्त माहिती कोणी दिली, आणि बँकेस केव्हा कळविले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सावधगिरीवर व दुसऱ्याचे तत्परतेवर अवलंबून असून, या दोन्ही गोष्टी खातेदाराच्या हातच्या आहेत.